हो म्हणेपर्यंत

दिवस पहिला

व्यंकटचा टेम्पो हिंमतरावांच्या दारात माघारी लावून उभा होता. मागची फळी खाली सोडलेली, आत उसाचं वाडं पसरलेलं. घोडी चढवायची तेवढी बाकी होती.

घोडी हिंमतरावांची. मागच्या जत्रेत आळंदकडच्या कुणा शरणबसप्पाकडून आणलेली. कुमैत, म्हणजे काळपट तांबडा रंग, चार वर्षांचं वय, कपाळावर चवलीएवढा पांढरा ठिपका. आणल्यापासून दोन महिन्यांत तिनं हिंमतरावांच्या लेकाला, रणधीरला, तीनदा पाडलं. तिसऱ्या खेपेला त्याचं मनगट मोडलं. थांबवायला गेलं की ती पळायची आणि मारलं की आणखी पळायची, म्हणून गावानं तिचं नाव ठेवलं होतं, उलटी.

व्यंकट लग्नात घोड्या नाचवायचा. तुळजापूर रोडला त्याचं पत्र्याचं शेड होतं. तिथं दोन खांबांच्या मधे घोडी बांधायची, काटेरी लगाम वर ताणायचा आणि हलगीच्या ठेक्यावर पुढच्या पायांवर वेत मारायचे. महिन्याभरात घोडी तयार. मग ती दहा-बारा लग्नसराया फेस गाळत नाचते, आणि लोक म्हणतात, काय नाचती राव!

"ही घोडी मला द्या," श्रावस्ती म्हणाली.

ती वाटेनं चालली होती, टेम्पो बघून थांबली होती. मच्छिंद्र वायरमनची पोरगी. पाच वर्षं पुण्याजवळ एका घोडेस्वारीच्या शाळेत पागेत कामाला होती, दिवाळीपासून घरी आलेली.

"तुला?" हिंमतराव हसले. "कशाला, लीद काढायला?"

"फेरायला."

घोडा फेरणं म्हणजे त्याला स्वाराच्या हाताखाली आणणं. माळेवाडीत हा शब्द कुणी बोलून पन्नास वर्षं झाली असतील. ओट्यावर तपकीर ओढत बसलेल्या आण्णासाहेबांनी मान वर केली.

"आडनाव इसरला का हिंमत तिचं? चाबुकस्वार. हिच्या पणज्यानं तुझ्या आज्याच्या घोड्या फेरल्यात."

"बरं. किती दिवसात करशील?"

"ते घोडी सांगंल."

सगळे हसले. व्यंकट सगळ्यात मोठ्यानं. "घोडी काय सांगंल? घोडीला तोंड हाय ते लगामासाठी."

हिंमतरावांना चार माणसांत बोलायची हौस फार. ते उठून उभे राहिले, उपरणं खांद्यावर सारखं केलं. "ने. आन ऐका रे समदे! ही पोरगी हो म्हणेपर्यंत या घोडीवर कुणीबी बसणार न्हाय. हिंमतरावाचा शब्द हाय."

निम्मी चेष्टाच होती ती. व्यंकटनं फळी वर ढकलली, खीळ घातली.

"येतो की परत, मालक. टेम्पो मोकळाच ठेवतो."


दिवस दुसरा

"मालकांपुढं बोललीस तू?" केशरबाईंनी लेकीला विचारलं. भाकरी तव्यावर तशीच राहिली.

"मागितली घोडी. त्यांनी दिली."

"दिली कुठं. तमाशा बघायला दिलीया." भाकरी उलटली, करपली होती. "आडनावावर जाऊ नको बाई. तुझ्या पणज्यानं घोडी फेरली खरी, पर वेशीपतुर. वेस आली की खाली उतरायचं आन लगाम धरून चालत न्यायची. ज्या घोडीला ह्यानं चालायला शिकवलं, तिच्यावर बसून गावात यायचं न्हाय. असा आपला चाबुकस्वार."

श्रावस्तीनं हे ऐकलेलं होतं. पण आईच्या तोंडून ऐकताना दर वेळी तिला ती वेस नवी दिसायची.

"आन तू हो म्हणायची वाट मालक बघणार व्हय? आपल्या घरात 'हो जी' म्हणायची रीत हाय. हो निराळा आन हो जी निराळा."

मच्छिंद्र डबा बांधून ड्यूटीला निघाले होते. दारात थांबून त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"चावती का?"

"न्हाय."

"मग ऱ्हाऊ दे."


दिवस तिसरा

काही नाही.

दिवस चौथा

काही नाही.

दिवस पाचवा ते अकरावा

काही नाही म्हणजे असं: श्रावस्तीच्या घरचं दोन एकर रान मारुतीच्या वाटेला लागून. कडेला कडुलिंब. त्याच्या सावलीत घोडी लांब दोराला मोकळी. श्रावस्ती सकाळी चंदी घालायची, पाणी ठेवायची आणि घोडीकडं पाठ करून बांधावर बसायची. दोर वळायची, जुन्या लगामाचं कातडं तेलानं मऊ करायची. बोलायची नाही. कारण पहिल्याच दिवशी तिनं पाहिलं होतं, माणसाचा आवाज कानावर पडला की घोडीची पाठ अशी थरारायची, जशी माशी बसल्यावर थरारते. माशी नसताना.

तर ती गप्प बसायची. आणि वाट मारुतीची, म्हणजे सगळं गाव जायचं-यायचं.

"काय गं, म्हणलीस का हो?"

"घोडी रुसली का तू रुसलीस?"

"पुण्याला बांधावर बसायचं शिकवतेत का? आमाला बी घ्या की मग."

"उद्या आमच्या म्हशीकडं पाठ करून बस. धार निघती का बघू."

"हो म्हण गं एकदाचं, कान किटले."

शेवटचं तर पोरं शाळेतून येताना एका सुरात म्हणायची. होऽ म्हण, होऽ म्हण. आणि तो 'होऽ' ऐकला की घोडी दोराच्या टोकापर्यंत पळत जायची, झटका बसून परत फिरायची. पोरांना खेळच मिळाला.

श्रावस्तीनं ते पाहिलं. मनात ठेवलं. अर्थ नाही लागला.


दिवस बारावा

मानेवर गरम श्वास. ती हलली नाही. घोडीनं तिची वेणी हुंगली, ओढणी ओठांनी चिमटून पाहिली, सोडली. पुन्हा धरली.

एवढंच. पण त्या रात्री श्रावस्ती तीन भाकरी जेवली.


दिवस एकोणिसावा

ज्वारीची काढणी सुरू झाली होती. शेजारच्या रानात सरहद्दीपलीकडून काढणीची टोळी आलेली, कानडी माणसं. बायकांच्या ओळी, धाटं उपटल्याचा कर्रकर्र आवाज, धुरळा.

श्रावस्ती रानाच्या मधे उभी, हातात दोर, आणि घोडी तिच्याभोवती दुडक्या चालीनं फिरत होती. सात दिवसांत एवढं जमलं होतं. फिरायची छान. थांबायची मात्र तिच्या मनाला येईल तेव्हा. श्रावस्ती खुणेनं सांगायची, खांदे पाडायची, नजर खाली करायची. कधी जमायचं, बरंचदा नाही.

टोळीतल्या एका बाईची शेळी सुटली आणि बांधावरून इकडं आली. बाई विळा तसाच हातात घेऊन मागं धावली आणि ओरडली,

"ए! निंद्रु!"

शेळी थांबली नाही.

घोडी थांबली.

चारी पाय जमिनीत रोवून, मान वर, कान बाईकडं. दोर ढिला पडून मातीला लागला.

श्रावस्तीनं शेळी पकडली, बाईला दिली. "मावशी, काय म्हणलात तुमी आता?"

बाई घाबरली. "शेळीला बोलले बाई, तुमाला न्हाय."

"व्हय, पर काय?"

"निंद्रु. थांब म्हणलं."

"आन जा म्हणायचं आसंल तर?"

"होगु. लवकर म्हणायचं तर नुस्तं होग."

होग.

होऽ.

तिथंच रानात, ज्वारीचा धुरळा नाकातोंडात जात असताना, श्रावस्तीनं ते दोन आवाज मनात शेजारी ठेवून पाहिले. माळेवाडीत बैल थांबवायचा तर काय म्हणतात? होऽ. गाडी थांबवायची, औत थांबवायचं, घोडी थांबवायची, सगळ्याला एकच. होऽ होऽ होऽ. रणधीर लगाम ओढत होता आणि ओरडत होता होऽ, म्हणजे कानडी मुलखातून आलेल्या घोडीच्या कानात जा, जा, जा. ती जात होती. जात होती म्हणून चाबूक बसत होता. चाबूक बसला की आणखी जोरात जात होती, आणि वरून तो आणखी मोठ्यानं ओरडत होता, जा.

उलटी कुठली. एवढी सरळ घोडी या गावात आजवर आली नव्हती. सांगितलेलं तिनं दर वेळी ऐकलं होतं आणि ऐकलं म्हणून दर वेळी मार खाल्ला होता.


दिवस विसावा

"म्हणजे म्या पडलो ते कानडीमुळं?" रणधीर म्हणाला. मनगटाचं प्लास्टर नुकतंच निघालं होतं. तो आणि श्रावस्ती गावच्या शाळेत एकाच वर्गात होते, त्यामुळं त्याला तिच्याशी नीट बोलणं भाग होतं आणि नीट बोलणं जमतही नव्हतं.

"तू पडलास ते तुझ्यामुळं. कानडीमुळं घोडी पळाली."

"ते काय आसंल ते. सापडलं ना? मग बसतो आज. निंद्रु, होगु. सोपं हाय की."

"न्हाय."

"आता काय?"

"शब्द तुला कळला रे. तिला काय कळलं? सांगितलेलं ऐकलं की मार बसतो, एवढंच कळलंय तिला. तिला आता ऐकायचंच भ्या वाटतंय. ते जायाला पायजे आधी."

"किती दिवस?"

तिचं उत्तर गावाला पाठ होतं.

हिंमतराव ओट्यावर खुर्चीत बसून हे सगळं ऐकत होते. निंद्रु हा शब्द आला तशी त्यांनी मान वर केली होती. मग इकडंतिकडं बघून हळूच म्हणाले,

"आई आमची तिकडचीच. आळंदच्या अलीकडची. पर आमचे वडील तिला घरात कानडी बोलू देत नव्हते. म्हणायचे, लोक हासतेत." मग आवाज चढवला. "तिला मराठी शिकव. आमच्या दारातल्या जनावराला आमचं बोलणं कळाय पायजे."

"शिकंल की काका. पर आधी तुमी दोन शब्द शिका. ती एकटी, तुमी गावभर. तुमाला सोपं जाईल."

"मी? घोडीसाठी?"

"तुमाला तर यायला पायजेत, आईची भाषा हाय की."

आतून द्वारकाबाई, हिंमतरावांच्या मालकीणबाई, फसकन हसल्या. हिंमतरावांनी दाराकडं रागानं पाहिलं. श्रावस्तीनं खालूनच चहाचा कप ओट्यावर ठेवला आणि निघाली.


दिवस तेहेतिसावा

रणधीरची तिथी निघाली. लग्न मुलाच्या दारात, माळेवाडीत, पस्तीस दिवसांनी.

लग्नाआधी नवरदेव घोडीवर बसून मारुतीला जातो, त्याला परण्या म्हणतात. परण्यासाठी सगळं गाव भाड्याची घोडी आणतं. हिंमतरावांच्या दारात स्वतःची घोडी होती. त्यांनी निरोप धाडला: परण्यापर्यंत तयार पाहिजे. नाही झाली, तर त्याच दिवशी व्यंकट आपली नाची घोडी घेऊन येईल, नवरदेव तिच्यावर बसेल, आणि जाताना टेम्पोत दोन्ही घोड्या जातील.

निरोप आणणाऱ्या गड्याला श्रावस्तीनं विचारलं, "आन मी हो म्हणायचं काय झालं?"

"ते म्हण की तू. कोण नको म्हणतंय. फक्त परण्याच्या आत म्हण."


एकेचाळीस. खोगीर पाठीवर ठेवलं. काढलं.

बेचाळीस. ठेवलं. काढलं.

त्रेचाळीस. तेच.

चव्वेचाळीस. तेच, पण घोडी मधेच चंदी खायला लागली. खोगीर पाठीवर असल्याचं विसरली.

सत्तेचाळीस. पट्टा आवळला. एक भोक.

अठ्ठेचाळीस. दुसरं भोक. "निंद्रु" म्हटलं, थांबली. पाठ थरारली नाही.

पन्नास. श्रावस्ती पोटावर आडवी, घोडीच्या पाठीवर, पोत्यासारखी. दहा आकडे मोजले, उतरली. बसली नव्हती, म्हणजे शब्द मोडला नव्हता.

एक्कावन्न. पुन्हा पोतं. वीस आकडे. घोडीनं मान वळवून तिच्या पायाचा वास घेतला.

बावन्न.


दिवस बावन्नावा

श्रावस्ती लोहाऱ्याच्या बाजाराला गेली होती, नालांचे खिळे आणायला. परतीची जीप भरेपर्यंत तासभर गेला. आली तर कडुलिंबाखाली तुटका दोर. घोडी ओढ्याच्या पलीकडं, काट्यात, अंगभर घाम, डाव्या पायाला खरचटलेलं.

केशरबाई बांधावर उभ्या होत्या. "रणधीर आला व्हता. दोस्तांना घोडी दाखवायला आणलं व्हतं. चाबूक वाजला."

श्रावस्ती तशीच हिंमतरावांच्या दारात गेली. चपला न काढता ओट्यावर चढली. आजवर तिच्या घरातलं कुणी असं चढलं नव्हतं. ते तिच्या नंतर लक्षात आलं. आणि त्याचं काही वाईट वाटलं नाही.

"चाबूक कुणी आणला?"

"हातसुद्धा लावला न्हाय तिला!" रणधीर म्हणाला. "नुस्ता हवेत वाजवला. गंमत. बसलो बी न्हाय, इचार कुणालाबी."

"बावन्न दिवस गेले तुझ्या गमतीत."

"आगं, एका आवाजानं काय होतंय?"

"तुझं मनगट परत मोडते मग. एकदाच. बघ काय होतंय."

द्वारकाबाई आतून बाहेर आल्या. खुंटीवरचा चाबूक काढला आणि लेकाच्या अंगावर फेकला. "जा, चुलीत घाल. नवरदेव झालाय मोठा."

श्रावस्तीनं ओढ्यापलीकडून घोडी आणली नाही. तिथंच काट्यांच्या अलीकडं, पाठ करून बसली. अंधार पडेपर्यंत.


दिवस त्रेपन्नावा, म्हणजे परत तिसरा

काही नाही.

चौथा. काही नाही.

पाचवा. मानेवर श्वास.

पूर्वी याला बारा दिवस लागले होते. म्हणजे सगळंच गेलं नव्हतं. श्रावस्तीनं हे कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर लोकांनी लगेच हिशेब मांडला असता: बाराचे पाच झाले, म्हणजे आता पटापट.

पण एक गोष्ट परत आली नव्हती. वाटेवरून मोटारसायकल फटफटत गेली, फाटक आपटलं, की घोडी थरथरायची आणि थिजून उभी राहायची. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, किती शांत. श्रावस्तीला ती शांतता नको होती. पुण्याच्या शाळेत अशा शांत घोड्या तिनं पाहिल्या होत्या. मेलेल्या डोळ्यांच्या. कुणालाही पाठीवर घेणाऱ्या.


परण्या

अडुसष्ट. सकाळचे साडेदहा, ऊन तापलेलं. डीजेची गाडी पुढं, मागं पोरांचा गराडा, मग व्यंकटची घोडी, आरसे लावलेली झूल आणि डोक्यावर तुरा. तिच्या मागं टेम्पो. वाट श्रावस्तीच्या रानाजवळ आली आणि हिंमतरावांनी हात वर केला. डीजे थांबला. एकदम एवढं शांत झालं की कडुलिंबावरचा होला ऐकू यायला लागला.

नवरदेव व्यंकटच्या घोडीवर अजून बसलेला नव्हता. त्याला आपल्याच घोडीवर बसायचं होतं. शेरवानी, फेटा, हातात कट्यार, आणि नजर घोडीच्या पाठीवर.

घोडी खोगीर घालून उभी होती. श्रावस्तीनं घातलं होतं, नेहमीच्या वेळेला, नेहमीसारखं.

"तयार तर दिसती," हिंमतराव म्हणाले. गुलाबी फेट्यात ते दहा वर्षांनी तरुण दिसत होते. "मारुतीपतुर, श्रावस्ती. पाचशे पावलं. म्हण हो."

"तयार न्हाय काका. गप उभी हाय."

"एकच की ते!"

"एक न्हाय."

केशरबाईंनी लेकीचं मनगट धरलं. कानाशी पुटपुटल्या, "म्हण की गं. एवढी माणसं. मालक स्वतः इचारतेत. तुझ्या पणज्याला कुणी इचारलं व्हतं का कधी?"

तेच तर. विचारलं नव्हतं. आता विचारलंय, तर उत्तर खरं द्यायला नको?

श्रावस्तीनं घोडीकडं पाहिलं. कान मागं. डीजेच्या गाडीकडं तिची नजरच नव्हती. जे बघायची भीती वाटते त्याच्याकडं बघायचं नाही, तशी. हो म्हटलं तर रणधीर बसेल. पाचशे पावलं कदाचित निघतीलही. कदाचित मारुतीपाशी पहिला सुतळी बॉम्ब फुटेल आणि ही नवरदेवाला घेऊन बारवेत पडेल. निघाली पावलं तरी वाईटच. मग रोजच कुणीतरी बसेल. आणि नाही म्हटलं तर समोर टेम्पो.

"न्हाय," ती म्हणाली.

गर्दीत कुणीतरी शिट्टी मारली. हिंमतरावांचा चेहरा फेट्यासारखाच झाला.

"व्यंकट, फळी सोड."

खीळ निघाली. फळी धाडकन खाली पडली. घोडी थरथरली.

"सोडू द्या फळी," श्रावस्ती म्हणाली. आवाज कापत होता, तिनं कापू दिला. "पर त्यालाबी सांगा काका. मी हो म्हणेपर्यंत हिच्यावर कुणी बसणार न्हाय. तुमी घोडीबद्दल बोललात. माझ्या रानात हाय तवर, असं न्हाय बोललात. परण्यापतुर, असंबी न्हाय. ही टेम्पोत गेली तर तुमचा शब्दबी टेम्पोत जाणार तिच्यासंगं."

व्यंकट हसला. "आन मी काय करू मग हिचं? हळदकुंकू लावून पुजू? मालक, चढवा घोडी. उशीर व्हतोय."

"बोललेलास हिंमत तू," गर्दीतून आण्णासाहेबांचा आवाज आला. "म्या व्हतो ओट्यावर."

गावाचे डोळे हिंमतरावांच्या तोंडाकडं. आणि नेमक्या त्या वेळी रणधीरला राहवलं नाही.

"आबा, सोडा की. गमतीत बोललेलं ते. शब्द काय, एवढं कोण धरून बसतंय?"

हे तो कुठंही बोलला असता तर चाललं असतं. सोयऱ्यांपुढं नाही. व्याही दोन पावलांवर उभे होते, ऐकत होते.

"गमतीत?" हिंमतराव लेकाकडं वळले. "हिंमतराव गमतीत शब्द देतो व्हय रे? तुझ्या सासऱ्याला दिलाय तोबी गमतीत?"

"तसं न्हाय आबा..."

"बस त्या नाचीवर! बस म्हणतो! आन व्यंकट, तुझी एकच घोडी आलीया, एकच जाईल. लाव ती फळी."

व्यंकटनं काहीतरी पुटपुटत फळी लावली. रणधीर चढला, तुरा लागून त्याचा फेटा वाकडा झाला, कुणी सरळ केला नाही. हिंमतराव अजून श्रावस्तीपुढंच उभे होते, बोट रोखून. "पर घोडी माझी हाय, ध्यानात ठेव. शब्द माझा आन घोडीबी माझी."

"व्हय," श्रावस्ती म्हणाली.

केशरबाईंनी लेकीचं मनगट सोडलं. पदर खोचला. आयुष्यात पहिल्यांदा त्या हिंमतरावांच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलल्या.

"ऊन लई झालं. जावा आता."

मालक म्हणायचं राहूनच गेलं.

डीजे सुरू झाला. नाची घोडी पुढचे पाय उचलून नाचायला लागली, लोक ओरडायला लागले. तिच्या तोंडाचा फेस गुलाबी होता. फेट्यासारखा नाही, रक्तानं. श्रावस्तीनं तो वळणापर्यंत बघितला. मागं कडुलिंबाखाली तिची घोडी दर ठोक्याला थरथरत होती, आणि सहाव्या-सातव्या ठोक्याला तिनं दोर ताणून एक पाऊल मागं घेतलं. पळायला बघत होती. घाबरली होती आणि घाबरल्याचं दाखवत होती. पंधरा दिवसांत पहिल्यांदा.

"हां," श्रावस्ती म्हणाली. "असं."


त्यानंतर

सत्तर. हिंमतराव जीप घेऊन आले. रस्त्यावरूनच, काच खाली करून: "आज?"

"न्हाय."

एकाहत्तर. "आज?" "न्हाय."

त्र्याहत्तर. नवी सून जीपमधे होती, अर्पिता. तिनं मान बाहेर काढून विचारलं, "नाव काय हिचं?" हिंमतरावांना सांगता येईना. उलटी म्हणायची लाज वाटली असेल. जीप तशीच गेली.

पंच्याहत्तर. हॉर्न. श्रावस्तीनं मान हलवली.

शहात्तर. मोटारसायकल गेली. घोडी दचकली, चार पावलं पळाली, वळून आली, आणि श्रावस्तीच्या खांद्यावर हनुवटी टेकून उभी राहिली.

अठ्ठ्याहत्तर. फाटक आपटलं. घोडीनं एक कान वळवला, चरत राहिली.


दिवस एकोणऐंशीवा

घोडी तयार होती. श्रावस्तीला सकाळीच कळलं होतं. रिकिबीत पाय ठेवून तिनं सगळं वजन टाकलं तेव्हा घोडीनं चारही पाय नीट पसरून आपला तोल सावरला होता, बसणाऱ्याला जागा करून देतात तसा. अजून कुणी बसलं नव्हतं. ती स्वतःही नाही.

आठला जीप आली. इंजिन चालूच, धूर मागच्या बाभळीला लागलेला. काचेतून हात बाहेर.

"आज?"

श्रावस्ती घोडीच्या डाव्या अंगाला खरारा करत होती. हात थांबला नाही.

"न्हाय."

"आरं काय न्हाय!" हिंमतरावांनी दारावर थाप मारली. "काल म्या पायलं, फाटक वाजलं तर ढिम्म! आता काय कमी हाय तिच्यात?"

"तिच्यात काय न्हाय."

"मग?"

"गाडी बंद करा. खाली उतरा. आन मग इचारा."

हिंमतराव तिच्याकडं बघत राहिले. मग रस्त्याकडं बघितलं, मागं आणि पुढं. दोन बायका घागरी घेऊन येत होत्या, आण्णासाहेब काठी टेकत मारुतीहून परतत होते. सगळ्यांना दिसणार होतं.

"मला शिकवती व्हय गं तू?"

तिनं खराऱ्यातले केस झटकले. बांधावर पाठ करून बसायची सवय झालेल्या माणसाला गप्प राहणं काही जड जात नाही.

इंजिन बराच वेळ चालू राहिलं. घागरीवाल्या बायका जवळ आल्या, थबकल्या, पुढं गेल्या आणि चार पावलांवर पुन्हा थबकल्या.

मग इंजिन बंद झालं.

दार उघडलं. हिंमतराव उतरले, धोतराचा सोगा सावरत बांध ओलांडला, ढेकळांतून अडखळत आले आणि घोडीपासून पाच हातांवर उभे राहिले. घोडीनं मान वर केली, कान त्यांच्याकडं केले. त्यांनी तोंड उघडलं. मिटलं.

श्रावस्ती घोडीच्या पुढून वळून पलीकडं गेली आणि उजव्या अंगाला खरारा सुरू केला, मानेपासून, सावकाश. उजवी बाजू अख्खी व्हायची होती.

हिंमतराव वाट बघत उभे राहिले.